कार्ब सायकलिंग की रोजचं सारखं ताट?

सांगलीत आमच्या जिममध्ये पॉवरलिफ्टिंगला नवी आलेली प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारते, "ताई, भात-भाकरी बंद करू का?"

कार्ब सायकलिंगमध्ये बंद काहीच होत नाही. स्क्वॉट-डेडलिफ्टच्या, म्हणजे जड वजनं उचलायच्या दिवशी कार्ब (भात-भाकरीतली कर्बोदकं) वाढवायचे, सुट्टीला कमी करायचे. 60 किलोच्या बाईला जड दिवशी समजा 240 ग्रॅम, सुट्टीला 120. दुसऱ्या दिवशी काटा खाली येतो आणि हुरूप येतो. पण उतरतं ते बहुतेक पाणीच, कारण स्नायूंतल्या एकेक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवलेल्या कार्बसोबत) सुमारे 3 ग्रॅम पाणी साठलेलं असतं. चरबी कमी होते ती आठवड्याच्या एकूण हिशोबावर.

सारख्या ताटात रोज 180 ग्रॅमच्या आसपास. घरच्या स्वयंपाकात बसतं, वेगळी चूल मांडावी लागत नाही.

गेल्या महिन्यात एक जण सकाळपासून नुसत्या मटकीच्या उसळीवर आली होती. 50 किलोचा डेडलिफ्ट तिसऱ्या रेपला गुडघ्यापाशीच अडकला. दोन दिवसांनी पिठलं-भाकरी जेवून आणि तासभर आधी केळं खाऊन आली, तर तोच बार पाच वेळा उचलला. तिचा चेहरा बघायला हवा होता!

म्हणून नवखीला मी सारखं ताटच सांगते. तिची खरी अडचण प्रोटीनची असते: किलोमागे 1.6 ग्रॅम, म्हणजे 60 किलोला 96 ग्रॅम, शाकाहारी घरात सहज होत नाही. सायकलिंग वर्षभरानं, स्पर्धेच्या वजनगटात बसायचं असेल तेव्हा करावं. त्यातही पाळी लांबली तर आधी जेवण वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.