नवी चेन टाकली म्हणाला, पण कडी माझीच जुनी होती

सायकल सर्व्हिसिंगला देणार असाल तर आधी हे वाचा, नाहीतर माझ्यासारखं फसाल.

माझी सायकल रोजच्या वापरातली आहे, कामावर जायला यायला तीच. मध्यंतरी चढावर उभं राहून जोर लावला की चेन कटकन सटकायची, पाय एकदम खाली जायचा आणि गुडघा हँडलला आपटायचा. दोनदा मागून गाडी येत असताना झालं, तेव्हा मात्र घाबरले आणि एका सर्व्हिसवाल्याकडे सायकल नेली. त्याने मागचं चाक उचललं, पेडल फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ताई, चेन गेली, फ्रीव्हील गेलं, बीबीचे छर्रे पण संपलेत, पूर्ण ओव्हरऑइलिंगच करून टाका." (फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, बीबी म्हणजे दोन्ही पेडलांच्या मधल्या आसाचं बेअरिंग.) मला सटकणारी चेन नको होती एवढंच, मी हो म्हटलं. जुने पार्ट परत द्या म्हणायचं सुचलं नाही, आणि पावतीवर नुसतं 'फुल सर्व्हिस' लिहिलं होतं ते पण तशीच घडी घालून पर्समध्ये टाकली.

परत मिळाली तेव्हा सायकल इतकी चकाचक की मीच खूश, सगळे पैसे देऊन टाकले. त्याच दिवशी उतारावर ब्रेक दाबला तर सायकल थांबेचना! दोन्ही ब्रेक पूर्ण दाबलेत आणि चाक आपलं फिरतंय, शेवटी पाय घासत कशीबशी थांबवली. खाली उतरून रिमवर बोट फिरवलं तर बोटाला तेल. चकाकी यावी म्हणून याने सगळ्या सायकलवर तेलाचा स्प्रे मारला होता, रिम आणि ब्रेकचे रबर पण सोडले नव्हते. ज्यांचे ब्रेक रिमवर चालतात त्यांनी हे खरंच लक्षात ठेवा, रिमवर तेलाचा थेंबसुद्धा नको आणि डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर नको. चुकून लागलंच तर रिम साबणाच्या पाण्याने धुवून कोरडी करायची, रबराचा वरचा थर पॉलिश पेपरने घासून काढायचा, आणि तेल आत मुरलं असेल तर रबर बदलायचे.

मग संशय आला म्हणून घरी सायकल उलटी करून एकेक गोष्ट बघत बसले. मागच्या वर्षी माझी चेन वाटेत तुटली होती तेव्हा मी ती सोनेरी रंगाच्या क्विक लिंकने (चेन जोडायची, उघडता येणारी कडी) जोडली होती, काळ्या चेनमध्ये ती एक कडी लांबून ओळखू येते. चेन हळूहळू फिरवत गेले आणि ती कडी समोर आली. तीच, बाजूला पक्कड घसरल्याचा ओरखडा पण तसाच. मग क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, बघितला. बीबी उघडायचा तर क्रँक काढावा लागतो आणि त्यासाठी आधी बोल्टवरची टोपी काढावी लागते, तर त्या टोपीच्या कडेने पावसातला चिखल वाळून घट्ट बसलेला, कुठे नखाएवढा पण उखडलेला नाही. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवले तर खटखट नाही, म्हणजे बीबीला मुळात काही झालेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाब विचारला तर म्हणाला, "कडी चांगली होती म्हणून नव्या चेनला तीच लावली." मी पट्टी घेऊनच गेले होते. चेनची एक पिन ते शेजारची पिन हे अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे एका पिनेचा मध्य शून्यावर ठेवला की तिथून पुढची 24वी पिन नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचावर यायला पाहिजे. ती 1/16 इंच पुढे गेली की चेन बदलायची वेळ झाली, आणि 1/8 इंच पुढे गेली तर बहुतेक वेळा फ्रीव्हीलचे दाते पण खाल्ले गेलेले असतात. लोक चेन ताणली म्हणतात पण लोखंड काही ताणत नाही, आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडं थोडं अंतर वाढत जातं. माझी 24वी पिन 1/8 इंच पुढे होती. हे त्याच्यासमोर दाखवलं तर म्हणतो, "पावतीवर चेन लिहिलीय का कुठे?" आणि पावतीवर खरंच नव्हती. तिथे मी गप्प झाले, पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

राग पैशांचा आहेच पण जास्त ब्रेकचा आहे. पैसे घेऊन काम केलं नाही ही एक गोष्ट, आणि एखाद्याला बिनब्रेकची सायकल हातात देणं ही फारच वेगळी गोष्ट आहे, माझ्या जागी एखादं लहान मूल असतं तर?

आता सायकल द्यायच्या आधी मी चेन, फ्रीव्हील, क्रँक, दोन्ही चाकं यांचे जवळून फोटो काढते, फ्रेमचा नंबर पण (बहुतेक सायकलींना तो खाली बीबीच्या नळीवर असतो), आणि चेनच्या एका कडीला आतून नेलपॉलिशचा ठिपका लावते. पावतीवर पार्टचं नाव लिहून घेते, जुना पार्ट परत पाहिजे हे आधीच सांगते. तेलपाणी तर घरीच करा, त्यासाठी कुणाकडे जायची गरजच नाही. चेन फडक्याने पुसायची, प्रत्येक सांध्यावर एक थेंब, थोडा वेळ फिरवायची आणि मग वरचं तेल परत कोरडं पुसून घ्यायचं. तेल आत पाहिजे, बाहेर राहिलं तर नुसती धूळ चिकटते आणि त्या धुळीनेच चेन झिजते.

शेवटी काम दुसऱ्याकडे करून घेतलं. त्याने मला शेजारी उभं राहू दिलं, जुनं फ्रीव्हील काढून हातात दिलं, दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेले. यावर नुसती नवी चेन टाकली तर ती पण सटकणार म्हणाला, म्हणून दोन्ही बदललं. नवी चेन मी तिथेच पट्टीवर मोजली, 24वी पिन बरोबर 12 इंचावर आली, मग पैसे दिले.