जुनी डिझेल पिकअप आणि स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर: वापरानंतरचा अनुभव

गाडी बीएस-४, कॉमन रेल डिझेल (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं). कळमना मार्केट ते बुटीबोरी, रोजची मालाची ओढाताण. दिवाळीनंतर ईएलएम ३२७ प्रकारचा डोंगल घेतला, म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा आणि इंजिनचे बिघाडाचे कोड ब्लूटूथने मोबाइलच्या ॲपवर दाखवणारा छोटा स्कॅनर. नागपूरचा मे महिनाही त्याने काढला, म्हणून आता लिहितो.

खरी वसुली झाली ती पिवळ्या इंजिन लाइटवर. रिकामी गाडी मस्त पळायची, माल भरून पुलावर चढली की दम तोडायची आणि लाइट लागायचा. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पंप गेला समजा." कोड निघाला पी००८७, म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. पण हा कोड एकट्या पंपावर बोट ठेवत नाही. फिल्टर चोंदला, लाइन हवा ओढू लागली किंवा इंजेक्टरचं रिटर्न (टाकीकडे परत जाणारं डिझेल) वाढलं तरी तोच येतो. लाइव्ह डेटात आयडलला दाब नीट, लोडवर मात्र मागणीच्या मागे पडलेला. म्हटलं, आधी स्वस्तातलं बघू. फिल्टरचा खालचा ड्रेन स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं. थोड्या वेळात तळाला पाणी, वर डिझेल आणि मधोमध काळपट गाळाची रेघ! फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा कधीच लागला नव्हता, कारण सेन्सरच्या कपलरमधल्या पिना हिरव्या पडलेल्या. पिना साफ केल्या, फिल्टर बदलला, हातपंपाने हवा काढली. पंपाला हात लावावा लागला नाही.

दुसरा फायदा अनपेक्षित. बॅटरीचा दिवा अधूनमधून मिणमिणायचा. ॲपमध्ये इंजिन चालू असताना व्होल्टेज १२.३! अल्टरनेटर चार्ज करत असेल तर १४च्या आसपास हवं. बेल्ट ठीक होता, ब्रश झिजले होते.

आता उणं. एबीएसच्या (ब्रेकच्या) दिव्याचा कोड माझ्या डोंगलला वाचता येत नाही. ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याला तर स्कॅनर काढायचाच नाही: गाडी बाजूला, इंजिन बंद, मग डिपस्टिक. लेव्हल बरोबर असली तरी प्रेशर गेजने तपासल्याशिवाय पुन्हा स्टार्टर मारू नका. "सेन्सरच खराब असेल" म्हणत वाडीपर्यंत नेणारे महाभाग पाहिलेत.

कोड खोडायची घाईही नको. खोडला की फ्रीज फ्रेम जाते. लाइट लागला तेव्हा आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान किती होतं, ते तिथेच नोंदलेलं असतं. आधी स्क्रीनशॉट घ्या. आणि रात्री डोंगल काढून ठेवा, लावलेला राहिला तर हळूहळू बॅटरी पितो.

किमतीच्या मानाने पाचात चार तारे. मोठ्या २४ व्होल्टच्या ट्रकवाल्यांनी मात्र घेऊ नये; माझा डोंगल १२ व्होल्टचा आहे, आणि त्या गाड्या बहुधा जे१९३९ या जड वाहनांच्या वेगळ्या डेटा-भाषेत बोलतात. त्यांच्यासाठी वेगळा स्कॅनर लागतो.