पावसात गाडी चालवायची भीती: ट्रॅक स्कूल, रोड रायडिंगचा वर्ग की मोकळ्या लेआउटमधला सराव?

माझा चुलत भाऊ बुटीबोरीला नोकरीला लागलाय. मनीषनगरहून रोज वर्धा रोडने जाणं-येणं, बाइक १६० सीसीची. एप्रिलमध्येच त्याने विचारलं, "दादा, झड लागायच्या आत एखादं ॲडव्हान्स ट्रेनिंग करून घेऊ का? का तेवढे पैसे टायरमध्ये घालू?" मान्सून आपल्याकडे नागपुरात जूनच्या मध्यावर पोचतो, म्हणजे तयारीला अख्खा मे हातात. त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न पडलेले अजून बरेच जण असणार.

आधी माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी जुलैत मी ओल्या सिमेंट रोडवर पडलो. वेग तीसच्या आतच होता. पुढचा ऑटो एकदम थांबला, घाबरून मी मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक लॉक झालं आणि गाडी आडवी गेली. गाडीला एबीएस होतं (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), पण सिंगल चॅनल. म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागच्याला त्याचा काही उपयोग नाही हे मला पडल्यावर समजलं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तरी त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ते एकाच चाकाला असतं. आपल्या गाडीत काय आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून घ्या. माझा गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला, भीती जायला मात्र दोन पावसाळे लागले. ढग दाटले की खांदे ताठ व्हायचे, हँडल आवळून धरायचो, आणि आवळलेल्या हातात गाडी जास्तच डगमगते.

पुढे कळलं की भीती पावसाची नव्हतीच. ओल्या रस्त्यावर माझा ब्रेक किती धरेल, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून तिन्ही पर्याय मी एकाच प्रश्नावर तोलतो: इथे मला ओल्या जमिनीवर जोरात ब्रेक मारून बघायला मिळेल का, आणि किती वेळा?

ट्रॅक स्कूल

रेसिंग ट्रॅकवरच्या या शिक्षणासाठी नागपूरकराला बाहेर जावं लागतं. कोईम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. चेन्नई रस्त्याने अकराशे किलोमीटरच्या आसपास. मी जीटी एक्स्प्रेसने गेलो होतो. फी, प्रवास, मुक्काम, लेदर सूट असा सगळा खर्च धरला तर तिन्हींत हा पर्याय सर्वांत महाग.

मिळतं काय? वेगात वळण घेणं, शरीर कुठे ठेवायचं, ॲक्सिलरेटर कधी आणि किती उघडायचा. मला सर्वांत कामाची वाटली ती नजर. वळणात चाकासमोरच्या जमिनीकडे न बघता वळण संपतं तिथे बघायचं. रामटेकच्या गडावर जाताना पूर्वी मी प्रत्येक वळणात बिचकायचो, त्या एका दिवसानंतर ते थांबलं. पण ट्रॅकवर डांबर एकसारखं, सगळे एकाच दिशेने जाणारे, मध्ये गाय नाही की उलट्या बाजूने येणारा नाही. आणि मी गेलो तेव्हा कडक ऊन होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं नाही.

रोड रायडिंगचा वर्ग

हे प्रशिक्षक बहुधा एखादं मैदान घेतात. सकाळी प्लास्टिकचे शंकू लावून हळू वेगातली वळणं, क्लचवर गाडी तोलणं, अचानक ब्रेक. दुपारी रस्त्यावर. रस्त्यावरचा भाग नसेल तर त्या वर्गाची अर्धी किंमत गेली असं मी मानतो. ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स ही संस्था १९५६ पासून आहे, आणि तिथली रीत मला फार पटते. अनुभवी निरीक्षक तुमच्या मागून गाडी चालवत येतो, मग बाजूला थांबवून सांगतो की अमुक ठिकाणी तुम्ही काय पाहिलं नाही. तुमचा प्रशिक्षक असा मागून येणार आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

कारण आपल्या शहरात पावसात गाडी वाचते ती डोळ्यांनी. पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येते, तेव्हाची दहा-पंधरा मिनिटं सर्वांत निसरडी. त्या वेळात चहा प्यायला थांबणं हा शहाणपणाच. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलावरचे लोखंडी जोड यांवरून जाताना गाडी सरळ हवी, ब्रेक सुटलेला हवा. सिमेंट रोड आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यात जी उंच-सखल कड असते, ती तिरपी घासत चढायला गेलात की पुढचं चाक कडेलाच धरून चालतं आणि गाडी पडते. शक्य तेवढं काटकोनात चढा. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं असेल तर वळसा घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदी आणि अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे कुठलंच ट्रेनिंग दाखवत नाही. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवून खापरीपर्यंत मेट्रोने जाणं, हेही चांगल्या रायडरचंच लक्षण आहे.

मोकळ्या लेआउटमधला सराव

हा जवळजवळ फुकट. बेसा, बेलतरोडी, जामठ्याकडे रस्ते झालेले पण घरं न झालेले लेआउट कितीतरी आहेत. माझी भीती गेली ती अशाच एका रस्त्यावर, पाऊस थांबल्यानंतरच्या ओलीत. सोबत मित्र हवाच. तो दोन्ही टोकांकडे लक्ष ठेवेल आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढेल. हेल्मेट, बूट, ग्लोव्हज, जाड पँट घालूनच.

चुन्याची रेघ मारायची. वेग आधी २०, मग ३०, मग ४०. रेघेवर चाक आलं की ब्रेक. पुढचा ब्रेक झटक्याने ओढायचा नाही. आधी हलका दाबायचा, गाडीचं वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, मग जोर वाढवत न्यायचा. मागचा हलकाच, सोबतीला. एबीएस चालू झालं की लिव्हर थरथरतं, त्याला घाबरून ब्रेक सोडायचा नाही. थांबलात की रेघेपासून पावलं मोजायची. चाळीसच्या वेगाला ओल्यात मला पहिल्यांदा २६ पावलं लागली होती. चार रविवारांनंतर १७. त्या नऊ पावलांत एक अख्खा ऑटो मावतो. शिवाय ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर हात जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. हे उमगल्यापासून पावसात मी पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो.

उणीव एकच, पण मोठी. चूक दाखवणारा कुणी नसतो. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या मित्राचा हातही चुकीच्या सवयीचा असू शकतो.

टायरचं म्हणाल तर ते या तिन्हींच्या आधी. टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्या रेषेत खाचांच्या तळाशी बारीक उंचवटा असतो. रबर झिजून तिथवर आलं की टायर बदला. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दुकानात नवा म्हणून जुना टायर गळ्यात पडू नये म्हणून ते वाचा.

भावाला मी सांगितलं ते असं. मागचा टायर झिजलाय, तो या आठवड्यात बदल. मेमध्ये माझ्यासोबत लेआउटमध्ये चल. ट्रेनिंगचे पैसे रोड रायडिंगच्या वर्गासाठी ठेव, आणि तोही जुलैत कर, रस्ते ओले असताना. ट्रॅक यंदा नको. चिखलदरा, पचमढीच्या घाटांत नेहमी जाणाऱ्याला मात्र मी उलट सांगेन: वर्ग झाला की ट्रॅकचा एक दिवस करच, घाटात ती नजर लागते. लायसन्स नुकतंच मिळालेल्याने लेआउटमधून सुरुवात करावी आणि घाई करू नये.

गेल्या रविवारी भावाने कोरड्यावर चाळीसच्या वेगाला पहिल्यांदा १७ पावलं घेतली, उन्हं चढेपर्यंत ११ वर आला. चुन्याची रेघ पावसात धुऊन जाईल, म्हणून त्याने शेजारच्या खांबाला ऑइल पेंटने खूण करून ठेवली आहे.