डिस्लेक्सिया: छोटी खास शाळा की नेहमीच्या शाळेतला रिसोर्स रूम?

गोव्यात मराठी किंवा कोंकणी प्राथमिकनंतर पाचवीत बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात, आणि तोवर झाकलेली डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण तिथे उघडी पडते. मराठीत ती ह्रस्व-दीर्घ, काना-मात्रा, जोडाक्षरांत दिसते. इंग्रजीत तर एका अक्षराचे चार उच्चार.

खास शाळेत वर्ग लहान असतो. ध्वनी, अक्षर, शब्द या क्रमाने, ऐकत-बोलत-हाताने गिरवत रोज शिकवता येते. रिसोर्स रूममध्ये, म्हणजे नेहमीच्या शाळेतल्या खास मदतीच्या वर्गात, आठवड्याला दोन-तीन तासिकाच मिळाल्या, तर मधल्या दिवसांत शिकलेले विसरते. शिवाय तिथे अनेकदा अशा खास शिकवणीऐवजी गृहपाठच उरकला जातो. हीच खरी गफलत!

नेहमीच्या शाळेत मित्र, मैदान, गावातली ओळख टिकते, फी वाचते. खास शाळेसाठी काणकोण-पेडण्याहून रोज पणजी-मडगाव गाठणारे मूल दमते, तेही धरा.

परीक्षेतल्या सवलतींसाठी दोन्हीकडे डिस्लेक्सियाचे प्रमाणपत्र लागते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. शिकवणी मात्र त्यासाठी थांबवू नये.

वाचन दोन इयत्तांनी मागे असेल तर आमचा कौल दोनेक वर्षे खास शाळेला. प्रवेशाआधी विचारा: दहावी कुठल्या मंडळाची, आणि परत नेहमीच्या शाळेत जायची वाट आहे का?