डेस्कटॉप सॉफ्टवेअर वेबवर न्यायचं: जसंच्या तसं, रूपांतर करून की नव्याने लिहून?

"आमचं सॉफ्टवेअर वेबवर हवं" असं म्हणणाऱ्यांच्या मनात दोन वेगळ्या मागण्या असतात. आपल्या माणसांना ऑफिसबाहेरून तेच काम करता यावं, ही एक. ग्राहक, पुरवठादार अशा बाहेरच्यांनी थेट आत येऊन ऑर्डर टाकावी, बाकी बघावी, ही दुसरी. पहिलीसाठी कोडला फारसा हात लावावा लागत नाही. दुसरीसाठी लावावाच लागतो. कोटेशन मागवण्याआधी यातली आपली कोणती, ते ठरवून घ्या.

एक मार्ग आधीच बाद करू. लॅपटॉपवर डेस्कटॉप ॲप टाकायचं आणि व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणाऱ्या खासगी वाटेने, ऑफिसातल्या डेटाबेसला जोडायचं, हा तो मार्ग. ऑफिसच्या नेटवर्कवर एका क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाच्या) जाण्या-येण्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. बाहेरून ४० सहज लागतात. जुन्या व्हिज्युअल बेसिक किंवा डेल्फीतला बिलाचा फॉर्म उघडताना प्रत्येक ओळीमागे दर, कर, शिल्लक अशा सुट्या क्वेऱ्या मारतो. त्या ३०० धरल्या, तर ऑफिसात पटकन उघडणारा फॉर्म बाहेरून १२ सेकंद घेतो. दुखणं अंतराचं आहे, आणि जास्त वेगाचं कनेक्शन घेऊन अंतर कमी होत नाही. डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलीत असेल तर हालच: लिहिता लिहिता जोडणी तुटली की फाइल बिघडण्याची भीती.

जसंच्या तसं: रिमोटॲप

रिमोटॲप ही विंडोज सर्व्हरची सोय. यात ॲप सर्व्हरवर चालतं. वापरणाऱ्याला फक्त खिडकीचं चित्र दिसतं. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे. ॲप आणि डेटाबेस शेजारी असल्यामुळे वरच्या ३०० क्वेऱ्या पुन्हा पटापट होतात, आणि लोकांना नवं काही शिकावं लागत नाही.

हिशेब करायचा तो मेमरीचा आणि लायसन्सचा. ॲप माणशी ३०० एमबी घेत असेल, तर एका वेळी ४० जण म्हणजे १२ जीबी एकट्या ॲपला. विंडोजचं आणि प्रत्येकाच्या सेशनचं त्यावर. आरडीएस कॅल हे रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स माणशी किंवा मशीनमागे लागतं. त्याशिवाय १२० दिवस चालतं, म्हणून ते विसरलं जातं, आणि मुदत संपली की एका सकाळी कुणालाच आत जाता येत नाही. दुसरी नेहमीची अडचण तात्पुरत्या फाइलींची. ॲप प्रत्येक रिपोर्ट सी ड्राइव्हवर एकाच नावाने लिहीत असेल, तर दोघांनी एकदम रिपोर्ट काढल्यावर एकाचा दुसऱ्याच्या हातात पडतो. असे पाथ आधी शोधून माणशी वेगळे करा. आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडू नका. मध्ये आरडी गेटवे हा दरवाजा ठेवून एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टवरून आणा.

रूपांतर करणारी साधनं

विनफॉर्म्ससाठी (डॉटनेटमधले डेस्कटॉप फॉर्म) वायसेज, डेल्फीसाठी युनिजीयूआय अशी साधनं फॉर्म जवळपास तसेच ब्राउझरमध्ये दाखवतात. डेमो लवकर उभा राहतो, आणि फसगत तिथेच होते. डेस्कटॉपवर एक प्रोग्रॅम म्हणजे एक माणूस, म्हणून जुन्या कोडमध्ये 'चालू कंपनी', 'चालू यूजर' ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅमला मिळून एकच असलेल्या जागेत, बसलेले असतात. इथे मात्र एकच प्रोसेस सगळ्यांना सांभाळते. एकाने कंपनी 'ब' निवडली, की त्या वेळी 'अ'मध्ये व्हाउचर भरणाऱ्याची नोंद 'ब'मध्ये जाऊन बसते. चाचणी करणारा एकटाच असतो, त्यामुळे तेव्हा काही दिसत नाही. प्रत्येक ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल ज्याच्या त्याच्या सेशनमध्ये हलवायचं काम हाताने करावं लागतं. अंदाजपत्रकात ते धरलंय का, विचारा. जावा स्विंगसाठीचं वेबस्विंग प्रत्येक वापरणाऱ्यामागे वेगळी प्रोसेस चालवतं, म्हणून हा घोळ तिथे होत नाही, पण मग मेमरीचा हिशेब रिमोटॲपसारखाच.

साधन घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: साध्या ब्राउझरमध्ये प्लगइनशिवाय चालतं का, आणि विकणाऱ्याने दुकान बंद केलं तर आपल्या हातात काय उरेल? सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझर प्लगइनचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला, इंटरनेट एक्स्प्लोररची गच्छंती जून २०२२ मध्ये झाली. ज्यांनी त्यांच्या भरवशावर जवळचा रस्ता धरला, त्यांना तेच काम पुन्हा करावं लागलं. आमच्या मते रूपांतर हा तिन्हींतला सगळ्यांत कमी वेळा योग्य ठरणारा पर्याय आहे.

नव्याने लिहिणं

बाहेरच्यांना आत घ्यायचं, मोबाइलवर नीट चालवायचं, दुसऱ्या सिस्टिमशी जोडायचं, तर हाच मार्ग. याला किती वेळ लागेल ते स्क्रीन मोजून कळत नाही. सर्वांत जड तीन फॉर्म उघडा आणि 'सेव्ह' बटणामागचा कोड वाचा. कर, साठा, उधारीची मर्यादा हे सगळं त्या ८०० ओळींत गुंफलेलं असेल, तर खरं काम ते नियम सोडवून काढण्याचं आहे. ते स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडमध्ये, असतील, तर बरीच वाट आधीच चालून झाली आहे.

सगळं एकदम पाडून बांधू नका. आधी नियम वेगळ्या लायब्ररीत काढा आणि जुनं डेस्कटॉप ॲपच त्यावर चालवा. ते स्थिरावलं की त्याच लायब्ररीवर, त्याच डेटाबेसवर वेब चढवा. सुरुवात रिपोर्ट आणि मंजुरीच्या स्क्रीनपासून. बिलिंग अगदी शेवटी.

डेस्कटॉपवर फुकट मिळणाऱ्या काही गोष्टी इथे बांधाव्या लागतात. 'डिलीट' बटण लपवलं म्हणजे हक्क सांभाळले, असं वेबवर होत नाही. प्रत्येक विनंती सर्व्हरवर तपासावी लागते. नेट अडखळलं की माणूस 'सेव्ह' दोनदा दाबतो आणि दोन बिलं होतात. फॉर्म उघडतानाच एक क्रमांक द्या आणि टेबलात त्यावर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जाणार नाही. खिडकी उघडी असेपर्यंत रेकॉर्ड लॉक, ही जुनी रीतही चालत नाही, कारण टॅब बंद केल्याचं सर्व्हरला खात्रीने कळत नाही. त्याऐवजी रोव्हर्जन, म्हणजे रेकॉर्ड बदललं की आपोआप बदलणारा क्रमांक, ठेवा. मधल्या काळात दुसऱ्याने बदल केला असेल, तर सेव्ह करताना दोन्ही आकडे समोर दाखवा. आणि आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर मुळातच २० मिनिटं कुणी आलं नाही की ॲप झोपवतो आणि दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, ते नव्याने सुरू करतो. सेशन मेमरीत ठेवलं असेल, तर अर्धवट भरलेलं व्हाउचर त्यात हरवतं.

जिथे वेब हरतं

दिवसाला शेकडो नोंदी भरणारा माणूस माउसला हात लावत नाही. एफ५ अडवून आपल्या कामाला लावता येतं, पण कंट्रोल-एन आणि कंट्रोल-डब्ल्यू क्रोमच्या टॅबमध्ये ब्राउझर सोडत नाही. जुन्या सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की फॉर्मच गायब. छपाईचंही तसंच. लेबल किंवा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ब्राउझर थेट कमांड पाठवत नाही. सीरियल पोर्टवरच्या उपकरणाशी ब्राउझरला बोलू देणारी वेब सीरियल ही सोय क्रोम ८९ पासून आहे, सफारीत नाही. मग प्रत्येक काउंटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो, म्हणजे ज्या इन्स्टॉलेशनला कंटाळून निघालो, तेच पुन्हा दारात.

म्हणून नोंदी भरणाऱ्यांना डेस्कटॉपवरच राहू द्यायला काही हरकत नाही. फिरतीवरच्यांना रिमोटॲप द्या, आणि ग्राहकांना लागणाऱ्या चार-पाच स्क्रीन तेवढ्या वेबवर नव्याने लिहा. कशातही पैसे घालण्याआधी एसक्यूएल प्रोफायलर (डेटाबेसकडे येणाऱ्या क्वेऱ्या टिपणारं एसक्यूएल सर्व्हरचं साधन) लावून आठवडाभर नेहमीचं काम चालू द्या: कोणते फॉर्म खरंच उघडले जातात आणि एका उघडण्यामागे किती क्वेऱ्या जातात, ते लिहून काढा. जे फॉर्म कुणी उघडलेच नाहीत, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. महिनाअखेरीला आणि वर्षअखेरीला लागणारे त्यातून वगळले, की उरलेले नव्याने लिहायच्या यादीतून काढून टाका.