जळगावातील मेंदूविकार दवाखाना : गर्दी फार, पण समजावणी उत्तम

पुतण्याला फिट येऊ लागल्यापासून आम्ही त्याला चोपड्याहून जळगावातील एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेत आहोत. नंबर लागेपर्यंत निम्मा दिवस जातो आणि मे महिन्यात बाहेरच्या बाकांवर बसवत नाही. तरीही हा दवाखाना मी सुचवीन, कारण येथे आजार समजावून सांगितला जातो.

एरवी ‘मेंदूत शॉर्टसर्किट होते’ एवढ्यावर बोळवण होते. येथे डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे एक पेशी काढून दाखवली. प्रत्येक संदेशाबरोबर पेशीत सोडियम शिरते व पोटॅशियम बाहेर पडते, आणि त्यांना पुन्हा जागेवर नेण्याचे काम सोडियम-पोटॅशियम एटीपेज हे एन्झाइम ऊर्जा खर्चून अखंड करीत असते. फिटमध्ये असंख्य पेशी एकाच वेळी उत्तेजित झाल्याने त्याच्यावरचा भार अतोनात वाढतो. झटका लांबला, तर ऊर्जा अपुरी पडू लागते, ऑक्सिजनचे घातक रेणू मायटोकॉन्ड्रियातील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतील) एन्झाइमांना इजा करतात आणि ही यंत्रणाच मंदावल्याने पेशी शांत होणे आणखी अवघड होते. यातील बरेचसे ज्ञान उंदरांवरील प्रयोगांतून आले आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितले. पाच मिनिटांच्या आत फिट न थांबल्यास धावपळ का करायची, हे घरच्यांना तेव्हा पटले. तोवर सगळे कांदा हुंगवण्यात गुंतलेले असत. आता मिडाझोलम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा फवारा घरात हाताशी असतो.

वहिनींनी मेंदूतील एन्झाइम रक्तातून तपासण्याचा आग्रह धरला. फिटनंतर रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम मुख्यतः स्नायूंतून येते, त्यावरून मेंदूचा अंदाज बांधता येत नाही, असे सांगून डॉक्टरांनी ती तपासणी लिहिलीच नाही. त्याऐवजी त्यांनी झोपेची चौकशी केली. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरायला मुलगा जागतो, हे त्यातून निघाले आणि ती पाळी आता भावाने घेतली आहे.

ईईजीची, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युत लहरी नोंदवण्याच्या तपासणीची, व्यवस्था मात्र ढिसाळ आहे. केस धुऊन, तेल न लावता यायचे असते, पण नंबर लावताना हे कोणी सांगत नाही. चपचपीत तेल लावून आलेल्या आजींना आमच्यासमोर परत पाठवले. नव्याने जाणाऱ्यांनी झटक्याचा मोबाइलवरील व्हिडिओ सोबत न्यावा, डॉक्टर आधी तोच मागतात.