सफरचंद आणि दालचिनी: क्रंबल करावं, केक, पफ की अख्खंच भाजावं?

शरदातली सफरचंदं नुकतीच झाडावरून उतरलेली असतात. फोड चावली की कट्कन मोडते, तोंडभर रस येतो आणि गोडीमागून आंबटपणा जाणवतो. अशी सफरचंदं घरात आली की ओव्हन लावून काहीतरी करावंसं वाटतंच. पण पाककृती शोधायला बसलं की नावांची गर्दी होते: क्रंबल (फोडींवर बटर-मैद्याचा भुगा पसरून भाजलेलं), लोफ केक (ब्रेडसारख्या लांबट साच्यातला), मफिन, टर्नओव्हर (पदर सुटणाऱ्या पफ पेस्ट्रीत सारण भरून दुमडलेली करंजी), अख्खं भाजलेलं सफरचंद. साहित्य बघावं तर सगळीकडे तेच ते. सफरचंद, दालचिनी, साखर, बटर, मैदा. मग निवडायचं कशावरून?

मी तरी पाण्यावरून निवडते. सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणी असतं. उष्णतेने फोडी मऊ पडल्या की ते बाहेर येतं, आणि प्रत्येक प्रकारात त्याचं काहीतरी वेगळं होतं. क्रंबलमध्ये त्याचा दाट रस बनतो. केक ते आत मुरवून घेतो. पफ पेस्ट्रीला ते मुळीच चालत नाही. अख्ख्या सफरचंदात ते बरंचसं सालीच्या आतच राहतं. एवढं ध्यानात घेतलं की कोणता प्रकार सोपा जाईल, कोणता दोन दिवस टिकेल आणि हातात असलेल्या सफरचंदांना कोणता मानवेल, याचा अंदाज बांधता येतो.

आधी हातातलं सफरचंद बघा

पाककृतीच्या आधी फळ ठरतं, निदान ठरायला हवं. ग्रॅनी स्मिथ हिरवं, आंबट आणि घट्ट असतं. भाजल्यावरही त्याची फोड फोडच राहते, म्हणून ते जवळपास कुठेही चालतं. गोल्डन डिलिशियस गोडसर आणि मवाळ, तरी बऱ्यापैकी आकार धरतं. गाला आणि फुजी खायला छान, पण गोडी जास्त आणि आंबटपणा कमी, त्यामुळे त्यांना लिंबाचा आधार लागतो. मॅकिन्टॉश लवकर विरघळतं. ब्रॅम्ली तर शिजताना फुलून अक्षरशः लगदा होतं. ब्रिटनमध्ये ते खास शिजवण्यासाठीच वापरतात. रेड डिलिशियस दिसायला देखणं असलं तरी भाजल्यावर पिठूळ आणि बेचव लागतं. ते तसंच कापून खाल्लेलं बरं.

शक्य असेल तर दोन जाती एकत्र करा, एक आकार धरणारी आणि एक विरघळणारी. विरघळणाऱ्या फोडींचा रस होतो, घट्ट फोडी त्यात दाताला लागतात. एकाच जातीच्या क्रंबलपेक्षा असं मिश्र क्रंबल मला नेहमीच सरस वाटलेलं आहे.

साठवणीतल्या सफरचंदांबद्दलही सांगायला हवं. फळ तोडल्यावरही श्वसन करत राहतं आणि त्यात त्याचं मॅलिक आम्ल हळूहळू खर्ची पडतं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जी पाककृती नेमकी जमते, तीच काही महिन्यांनी नुसती गोड लागते. अशा वेळी साखर थोडी कमी करा आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस वाढवा. फोडी काळ्या पडतील म्हणून घाईने लिंबू चोळायची मात्र गरज नाही. दालचिनी आणि ब्राऊन शुगर पडल्यावर रंग तपकिरी होणारच असतो. लिंबू हवं ते चवीसाठी.

क्रंबल

पहिल्यांदाच करत असाल तर क्रंबल करा. यात पाण्याशी झगडावं लागत नाही. उलट जितका रस सुटेल तितकं चांगलं, कारण वरचा कुरकुरीत थर आणि खालचा आंबटगोड रस एकाच चमच्यात येणं हीच त्याची सगळी मजा आहे.

पाच-सहा जणांसाठी साधारण ९०० ग्रॅम सफरचंदं घ्या, सोलून दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडी करा. त्यात ५० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, दीड छोटा चमचा दालचिनी पूड आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून खोलगट भांड्यात पसरा. वरच्या थरासाठी १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम ओट्स, ८० ग्रॅम ब्राऊन शुगर, चिमूटभर मीठ आणि १०० ग्रॅम गार बटर. बटर बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं. तळहात लावला तर ते वितळतं आणि भुग्याऐवजी कणकेसारखा गोळा तयार होतो. भुग्यात काही खडे वाटाण्याएवढे राहू द्या, तेच कुरकुरीत होतात. भुगा फळावर नुसता भुरभुरा, दाबू नका. दाबला की वाफेला वाट राहत नाही आणि खालची बाजू गिच्च होते. १८० अंश सेल्सिअसला ४० ते ४५ मिनिटं. कडेने रस दाटसर बुडबुडे काढत वर आला की झालं. वरचा रंग आधी आला आणि रस अजून शांत असेल तर वर फॉइल सैलसर टाकून आणखी दहा मिनिटं ठेवा. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते, तिथे हे हटकून करावं लागतं.

क्रंबलचा आणखी एक मोठा गुण म्हणजे ते अदलाबदल सोसतं. अंडं लागतच नाही. ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नको असेल तर मैद्याऐवजी बदामाची पूड आणि ग्लुटेनमुक्त ओट्स चालतात. दूधदुभतं वर्ज्य असेल तर गोठलेलं खोबरेल तेल वापरता येतं. चव थोडी बदलते, पोत राहतो. अशी मोकळीक केकमध्ये मिळत नाही, तिथे एक घटक बदलला की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

उणीव एकच, पण ती निर्णय फिरवू शकते: क्रंबल कुठे नेता येत नाही. ते भांड्यातून चमच्याने वाढायचं असतं आणि गरम असतानाच खरं लागतं. डब्यात भरून न्यायचं असेल तर पुढे वाचा.

लोफ केक, आणि त्याच्याच पिठाचे मफिन

डब्यासाठी, प्रवासासाठी, दुसऱ्या दिवशीच्या चहासाठी केक. सफरचंदाचं पाणी इथे केकच्या जाळीत मुरतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगला लागतो. मसालाही तोवर सगळीकडे पोचलेला असतो.

बटरऐवजी तेल वापरावं असं मी आग्रहाने सांगेन. बटर गार झाल्यावर घट्ट होतं आणि केक कोरडा वाटायला लागतो. तेल पातळच राहतं, त्यामुळे मऊपणा टिकतो. बटरचा स्वाद हवा हे खरं, पण दालचिनी-जायफळाच्या गर्दीत तो तसाही मागेच पडतो.

माझं प्रमाण असं आहे: मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, दालचिनी दीड छोटा चमचा, दुसऱ्या भांड्यात साखर १३० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर, दोन अंडी आणि ८० ग्रॅम दही. सफरचंद २५० ग्रॅम. पातळ मिश्रणात कोरडं घालून मैद्याचा कोरडा ठिपका दिसेनासा होईपर्यंतच हलवायचं. जास्त घोटलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. २३ सेंटिमीटर लांबीच्या लोफच्या साच्यात १७० ते १७५ अंशांना ५० ते ६० मिनिटं, मधोमध खुपसलेली काडी स्वच्छ निघेपर्यंत.

फोडी की कीस, हा प्रश्न इथे खरा महत्त्वाचा. किसलेलं सफरचंद केकमध्ये दिसेनासं होतं आणि सगळा केक एकसारखा ओलसर होतो. पण कीस हलकेच पिळून घ्यावा लागतो, नाहीतर तळाशी ओला पट्टा राहतो. फोडी केल्या तर मध्ये मध्ये आंबट घास लागतो, आणि मला तोच आवडतो. त्या एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नकोत. मोठ्या फोडी खाली बसतात आणि त्यांच्या भोवतीचं पीठ कच्चं राहतं. केकसाठी घट्ट, आंबट जात घ्या. विरघळणारी घेतली तर मिश्रण फारच पातळ होतं.

मफिन म्हणजे हेच पीठ मफिनच्या साच्यात, १८० अंशांना वीस-बावीस मिनिटं. वेळ वाचतो, वाटप सोपं होतं. पण कडा आणि वरचा भाग जास्त असल्याने ते लोफपेक्षा लवकर वाळतात. मुलांच्या हातात द्यायचे असतील तर मफिन, एरवी लोफ.

पफ पेस्ट्रीचे टर्नओव्हर

तयार पफ पेस्ट्री मिळते म्हणून हे सगळ्यात सोपं वाटतं. दिसायलाही हेच सर्वांत सुंदर. तरीही घाईच्या दिवशी मी हा प्रकार सुचवणार नाही, कारण इथे पाणी सरळसरळ शत्रू आहे. पफचे पदर फुलतात ते बटर आणि पिठातल्या पाण्याच्या वाफेने; सफरचंदाचा रस त्या पदरांत झिरपला की तळ ओला, फिकट आणि चामट होतो.

म्हणून सारण आधी शिजवावंच लागतं. लहान फोडी साखर, मसाला आणि थोड्या बटरसह रुंद पातेल्यात मंद आचेवर ठेवा, रस आटू द्या, शेवटी एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला. मंद आचेचं कारण आहे. साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान सफरचंदातलं एक विकर (एन्झाइम) पेक्टिनवर, म्हणजे फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्यावर, काम करतं आणि फळातल्या कॅल्शियमशी सांधून ते बळकट करतं. या टप्प्यातून सावकाश गेलेली फोड पुढे ओव्हनमध्येही आकार सोडत नाही. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, कोमट सारणानेही पेस्ट्रीतलं बटर वितळतं. कडा काट्याने दाबा, वर दोन चिरा द्या, अंडं किंवा दूध लावा, आणि २०० अंशांना २० ते २५ मिनिटं, चांगला गडद सोनेरी रंग येईपर्यंत. फिकट काढले तर आतले पदर कच्चे राहतात.

सारण आटवणं, गार करणं, पेस्ट्री फ्रीजमध्ये सावकाश मऊ होऊ देणं, हा सगळा वेळ धरला तर टर्नओव्हर क्रंबलपेक्षा जास्त वेळ खातो. शिवाय त्याच दिवशी खावा लागतो. दुसऱ्या दिवशी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवला तर बराचसा सावरतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र वातड होतो. सारण आदल्या रात्री करून ठेवता येत असेल आणि पाहुण्यांसमोर गरमागरम मांडायचं असेल, तरच याच्या वाटेला जा. तेव्हा मात्र याला तोड नाही.

अख्खं भाजलेलं सफरचंद

एक-दोन जणांसाठी, कमी साखरेचं आणि मैद्याशिवायचं काही हवं असेल तर हेच. गाभा वरून कोरून काढायचा, तळ मात्र शाबूत ठेवायचा. पोकळीत मनुका, अक्रोड, चमचाभर ब्राऊन शुगर, बटरचा तुकडा आणि दालचिनी भरायची. सालीला मध्यावर सुरीने गोल चीर द्या, म्हणजे वाफेने फळ वेडंवाकडं फुटत नाही. भांड्याच्या तळाशी थोडं पाणी घालून १८० अंशांना ३५ ते ४५ मिनिटं. फार मऊ होणारी जात इथे कोसळते, तेव्हा गोल्डन डिलिशियससारखी मधली निवडा.

मसाला किती

चारही प्रकारांत दालचिनी पुढे आणि बाकीचे मागे, असं ठेवा. बाजारात बहुतेकदा मिळते ती जाड सालीची कॅसिया, तिखट आणि ठसठशीत. पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी सौम्य आणि जास्त सुवासिक. केकमध्ये कॅसिया टिकून राहते, अख्ख्या सफरचंदात सिलोन खुलते. जायफळ ताजं किसून पाव छोटा चमचा, सुंठ पूड अर्धा. लवंग फक्त चिमूटभर, कारण तिच्यातलं युजेनॉल जीभ बधिर करतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. या मसाल्यांतली सुगंधी द्रव्यं स्निग्धात चांगली विरघळतात, म्हणून पूड कोमट बटरमध्ये किंवा केकच्या तेलात आधी मिसळली तर वास जास्त पसरतो. क्रंबलमध्ये बटर गारच हवं असल्याने तिथे मसाला फळाला लावा. वरच्या भुग्यात थोडाच घाला. उघड्यावर तो करपट लागू शकतो.

यीस्टचे दालचिनी रोल मी या तुलनेत मुद्दाम घेतलेले नाहीत. ते चविष्ट असतात, पण सोपे नसतात. तरी कधी केलेत तर दालचिनी कणकेत न मिसळता सारणात घाला, ती यीस्टची वाढ मंदावते.

दिवस पाहून

संध्याकाळी घरातच खायचं आहे आणि हातात तासभर आहे, तर क्रंबल. उद्या कुठे न्यायचं आहे, तर लोफ. वेळ भरपूर आणि समोर हौशी मंडळी, तर टर्नओव्हर. दोघंच असाल, तर अख्खं सफरचंद. पफ पेस्ट्री घरात पडून आहे म्हणून टर्नओव्हर करायचं ठरवत असाल, तर ती फ्रीझरमध्येच राहू द्या.

अजूनही नक्की होत नसेल तर क्रंबलचा वरचा भुगा दुप्पट करून अर्धा पिशवीत भरून फ्रीझ करा. तो दोन-तीन महिने सहज राहतो आणि न वितळवता थेट फळावर भुरभुरता येतो. मग कुठल्याही दिवशी काम उरतं ते सफरचंदं चिरण्याचं. हाच भुगा मूठभर लोफ केकवर भाजण्याआधी पसरला, तर तिथेही तो छान कुरकुरीत होतो.